थंडीत घरचा स्विमिंग पूल बंद ठेवताना

पहिलं म्हणजे पूल रिकामा करू नका. पावसाळ्यानंतर आपली काळी माती बरेच दिवस ओल धरून ठेवते. आतल्या पाण्याचं वजन गेलं की बाहेरच्या दाबानं तळ उचलतो, फरश्या सुटतात. शिवाय उन्हाळ्यात टँकरनं भरणं कुणाला परवडतंय? परभणीत पारा कितीही उतरला तरी पाइप गोठत नाहीत, तेव्हा विदेशी व्हिडिओ बघून पाइपातलं पाणी काढायला लाइनीत हवा मारू नका.

तळ घासा, व्हॅक्यूम मारा. पीएच (पाण्याची आम्लता) 7.2 ते 7.6 मध्ये आणा. मग दिवस मावळल्यावर 50,000 लिटरला 65 टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीनची पावडर) 750 ग्रॅम टाका. बादलीत आधी पाणी, मग पावडर. उलटं कधीच नको. ट्रायक्लोरच्या (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या) गोळ्यांना वापरलेलं भांडं या पावडरीत अजिबात बुडवू नका, भडका उडू शकतो. रात्रभर पंप चालवा, सकाळी फिल्टरच्या साइट ग्लासमधलं (पाणी दिसणाऱ्या काचेतलं) पाणी नितळ दिसेपर्यंत बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेनं पाणी सोडून फिल्टर धुणं, वर मिनिटभर रिन्स, म्हणजे सरळ दिशेनं खळबळणं.

क्लोरीन 3 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 3 भाग) खाली आलं की झाकण घाला. सैल ताडपत्री नको, लेकरू पाय देऊन आत जाईल. चारी बाजूंनी ताणून बांधलेलं सेफ्टी कव्हरच घ्या.

आपल्याकडं डिसेंबरातही दुपारी ऊन तापतं, शेवाळ थांबत नाही. म्हणून दिवसाआड दोन तास पंप आणि आठवड्याला क्लोरीनची तपासणी चालू ठेवा.