नवोदयच्या परीक्षेतल्या आकृत्या पाचवीतल्या पोराला जमत नाहीत, घरी सराव कसा घ्यावा?
नवोदयच्या सहावी प्रवेश परीक्षेत 80 पैकी 40 प्रश्न आकृत्यांचे, त्यांना 50 गुण. म्हणून भाऊ, पुस्तक जरा बाजूला ठेवा. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात मी पोरांना आधी जुन्या वहीचं पान देतो. एक आडवी, एक उभी घडी घालायची, बाभळीच्या काट्याने सगळ्या थरांतून एक भोक पाडायचं आणि घडी उलगडायच्या आधी भोकं कुठे दिसतील ते पाटीवर काढायचं. चारही भोकं बरोबर जागी निघाली की पोराचा चेहरा बघा! आरशाच्या प्रश्नांना घरचा आरसा आकृतीशेजारी उभा धरा: डावं-उजवं बदलतं, वर-खाली तसंच राहतं. मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती मात्र बोटाने गिरवूनच सापडते. रोज दहाच प्रश्न घ्या, पण चुकलेला प्रश्न कागद कापून, फिरवून पुन्हा करायला लावा.