एकांकिकेतले उजव्या विचारांचे आजोबा खलनायक किंवा विदूषक होऊ नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही विचारलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या गणेशोत्सवात एकांकिका करायची आहे, तिच्यातले आजोबा जुन्या वळणाचे, कडव्या उजव्या मताचे आहेत, पण अमेरिकन मालिकांत अशी माणसं दुष्ट नाहीतर येडपट दाखवतात तसेच तेही उतरलेत.

आधी आजोबांची मतं सुटी करा. देवधर्म, घरातला धाक, सरकारी खर्चाविषयीचा संशय, फौजेचा अभिमान या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चारही एकाच माणसात कोंबल्या की त्याचं पुढचं प्रत्येक वाक्य प्रेक्षकाला आधीच कळतं. बेळगाव भागात तर ही मोट खोटीच ठरते. सीमालढ्यात शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट सगळे होते. घरात सोवळंओवळं पाळणारा, जातीबाहेर सोयरीक न करणारा माणूसही भाषेपायी महाराष्ट्र एकीकरण समितीलाच मत देत आला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे आसपासच्या गावांत माजी सैनिक भेटतात. त्यातला एखादा देशाबाबत कडक, पण लेकीच्या शिक्षणासाठी भावकीशी भांडलेला असू शकतो. तुमचे आजोबा कोणत्या एका गोष्टीवर अडून बसतात ते ठरवा, बाकी ठिकाणी त्यांना मोकळं सोडा.

उजव्या माणसाची टर उडवणं आणि त्याला लाडका करणं, अमेरिकन मालिकांत दोन्ही घडलंय. 'ऑल इन द फॅमिली' (१९७१ ते १९७९) मधला जुन्या मताचा बाप आर्ची बंकर हा मालिकेचे निर्माते नॉर्मन लिअर यांनी पूर्वग्रहांची टर उडवायला उभा केला. पण १९७४ साली आलेल्या विडमर आणि रोकीच या संशोधकांच्या पाहणीत दिसलं की ज्यांचे पूर्वग्रह पक्के होते त्यांना आर्चीचंच बोलणं पटत होतं. 'फॅमिली टाइज' (१९८२ ते १९८९) मध्ये आईबाप जुने डावे चळवळे आणि मुलगा ॲलेक्स तेव्हाचे उजवे राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा भक्त. मालिका आईबापांवर बेतलेली, लोकांनी उचलून धरलं ॲलेक्सला. त्याला हुशारी होती, महत्त्वाकांक्षा होती, आणि वाद हरला तरी तो घरात लाडकाच राहायचा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते बोलीत, आणि ते बघून जीव तुटतो. आजोबा "काय करायलास रे?" म्हणतात, नातू पुण्याचं छापील मराठी बोलतो. प्रेक्षक आजोबांच्या पहिल्याच वाक्याला हसतात आणि मग त्यांचा मुद्दा कोणी ऐकत नाही. खानापुरात वाढलेला नातूही "करायलास"च म्हणणार! दोघांना एकच बोली द्या. टिळा, काठी, खोकला यांतलं काहीही न देता पहिला प्रवेश करून बघा.

मग संहितेत दोघांची वाक्यं मोजा. नातवाची सलग दहा आणि आजोबांचं एक "हूं" असेल तर तो संवाद नाही, भाषण आहे. मुख्य वादात व्यवहाराची एक गोष्ट आजोबांनाच बरोबर कळलेली असू द्या, समजा शेत विकून बंगळूरला फ्लॅट घेण्याचा हिशेब, आणि तिथं नातवाला उत्तर सुचू नये. नंतर हट्टाची किंमतही आजोबांनाच मोजू द्या: लेक माहेरी यायची बंद होते, असं काही. नाहीतर सहानुभूती फुकटची वाटते. शेवटी मतपरिवर्तन नको. सत्तर वर्षांचं मत तासाभरात बदललेलं कुणालाच पटत नाही.

तालमीत एकदा दोघा नटांच्या भूमिका बदलून वाचन घ्या. आजोबांची वाक्यं म्हणताना नातवाचा नट जिथं अडखळेल किंवा हसेल, तिथं लेखकानं माणूस सोडून टर लिहिलीय असं समजा. तेवढीच वाक्यं पुन्हा लिहा.