रोबोटिक ऑपरेशनमध्ये लांब बसलेल्या सर्जनला आतली खोली, म्हणजे काय जवळ आणि काय लांब, ते कळते का?

हो, कळते, आणि साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनपेक्षा जास्त चांगली कळते. लातूरहून तुम्ही वडिलांच्या किडनीतल्या गाठीबद्दल विचारलंय. मी मराठवाड्यातलाच, ओटी टेक्निशियन आहे. दा विंचीसारख्या ऑपरेशनच्या रोबोटच्या दुर्बिणीत शेजारी शेजारी दोन कॅमेरे असतात. सर्जन ज्यात बघून रोबोट चालवतात त्या कन्सोलमध्ये एकाचं चित्र डाव्या डोळ्याला दिसतं, दुसऱ्याचं उजव्या. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे फरक लक्षात येईल. हाताला जोर मात्र जुन्या मॉडेलांत जाणवत नाही. टाक्याचा दोरा किती ताणलाय, मांस कुठे पांढरं पडतंय, हे बघूनच सर्जन अंदाज घेतात.

तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल ते ऑगमेंटेड रिॲलिटीचं चित्र, म्हणजे सीटी स्कॅनवरून केलेलं गाठीचं चित्र जिवंत दृश्यावर चढवणं, हे मदतीला चांगलं, पण त्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. सीटी काढताना पेशंट उताणा असतो. ऑपरेशनला कुशीवर, पोट गॅसने फुगवलेलं. किडनी जागची सरकते, श्वासाबरोबर हलते, चित्र तेवढं हलेलच असं नाही. म्हणून गाठीची कड बऱ्याचदा सोनोग्राफीचा छोटा प्रोब थेट किडनीवर टेकवून ठरवतात. रक्तपुरवठा बघायला इंडोसायनिन ग्रीन नावाचा चमकणारा रंग शिरेतून देतात, रक्त पोचतं तो भाग हिरवा चमकतो. पण तो काही मिलिमीटर खोलवरच, चरबीखालची शीर त्यात दिसत नाही. तुमच्या सर्जनना एवढं जरूर विचारा: आतून सोनोग्राफी करणार का?