शेव आणि ठेव

बेटा,

सुट्टीचे दोन महिने आप्पांजवळ राहायचं ठरवलंस, फार बरं केलंस. त्या घरात तुला हसायला पुष्कळ मिळेल. तू विचारशील, "आप्पा, ताप आहे का?" आणि आप्पा काठी शोधायला लागतील, कारण त्यांना "साप" ऐकू आला. "शेव आणू का?" म्हटलंस तर उत्तर येईल, "ठेव तिथंच, मंग बघतो." हसू आलं तर दाबू नकोस. फक्त आपण काय म्हणालो आणि त्यांनी काय ऐकलं ते आधी त्यांना सांग, मग दोघं मिळून हसा. सगळे हसताहेत आणि का ते आपल्या एकट्यालाच कळत नाही, असं चार वेळा झालं की म्हातारं माणूस ओट्यावरून उठून आत जाऊन बसतं.

वयानं कान जातो तेव्हा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. आ, ए, ओ हे स्वर जाड, ते पोचतात. स, श, त, फ, ठ ही व्यंजनं बारीक, ती वाटेतच गळतात. 'ताप'मधलं 'आप' तेवढं पोचतं आणि सुरुवातीचं अक्षर मेंदू पदरचं लावतो. म्हणून ओरडू नकोस. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं होती तिथंच राहतात. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज मुळात उंच पट्टीतला. "आप्पांना आजीचंच बरं ऐकू येत नाही" अशी चेष्टा घरोघर चालते. त्यात आप्पांची लबाडी नसते, हे आजीलाही समजावून सांग.

बोलायचं असं. आधी हाक मार, त्यांनी मान वळवली की मगच बोल. तीन-चार फुटांवर समोर बस आणि उजेड तुझ्या तोंडावर येऊ दे. ओठ दिसले की निम्मं काम होतं. कूलर चालू असताना महत्त्वाचं काही सांगू नकोस, त्या घरघरीत धडधाकट कानालाही शब्द सापडत नाहीत. एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य परत म्हणू नकोस, शब्द बदल: "शेव" नाही पोचली तर "भाजीत टाकायची ती तिखट."

कानाचं यंत्र डब्यात पडून असेल तर आधी डॉक्टरांकडून कानातला मळ बघून घे. तेल किंवा काडी घालू नकोस, पडद्याला भोक असेल तर नुकसान होतं. यंत्रावर लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची. ३१२ नंबरच्या सेलवर तपकिरी चिकटपट्टी असते. ती काढल्यावर मिनिटभर सेल तसाच उघडा ठेव, मग बसव. तो हवेवर चालतो. असा सेल साधारण आठवडाभर पुरतो. पट्टी आधीच काढून ठेवलेला सेल न वापरताही उतरतो. रात्री यंत्राचं झाकण उघडं ठेव, आणि आपल्याकडच्या घामासाठी डबीत ओल शोषणारी पुडी टाक. शिटी वाजली तर बहुतेक यंत्र नीट बसलेलं नसतं किंवा मळ आडवा आलेला असतो. सुरुवातीला शांत खोलीत रोज तास-दोन तासच घालू दे. स्वतःचा आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटतो, भांडी कानात आपटतात. वैतागून ते काढून फेकण्याचं कारण हेच. काही आठवड्यांत सवय होते.

कवळीचं थोडक्यात. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडायचा नाही, कवळी मागून उचलते. लहान घास, दोन्ही बाजूंनी सारखा चावायचा. भरीत खाल्ल्यावर चूळ भरायला लाव, वांग्याच्या बिया कवळीखाली शिरून टोचतात. रात्री साध्या पाण्यात. गरम पाण्यानं ती वाकते. धुताना खाली पाण्याचं घमेलं ठेव, निसटली तरी फुटणार नाही.

उन्हाळ्यात मात्र डोळ्यांत तेल घालून राहा. वय वाढलं की तहानच कमी लागते, आणि आपल्याकडे पारा ४५ च्या घरात. "पाणी हवं का?" विचारलंस तर "नको"च येईल. न विचारता पेला हातात दे. हृदय किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तेवढंच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरशील, त्याआधी आप्पांचा तांब्या भर.

चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, यावर खुशाल हसा. पण कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज एकाएकी भलतंच बोलायला लागलं, जीभ जड झाली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, तर तो विनोद नव्हे. संध्याकाळची वाट न बघता तडक दवाखाना गाठ.

आप्पांना आठवड्यातून एकदा एसटीनं बाहेर काढ. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. आधार कार्ड बरोबर ठेव. शून्य रुपयाचं तिकीट मिळतं, ते आप्पांच्याच हातात दे. इंजिनापासून लांब बसा. त्यांचा बरा कान तुझ्याकडे आणि दुसरा खिडकीकडे ठेव, म्हणजे गावोगावच्या सोयऱ्यांच्या गोष्टी सुरू झाल्यावर मधे तुला काही विचारता येईल.

तुझे काका