पत्रकारांमुळे समाजात खरंच काही बदललंय का, की सगळं टीआरपीचंच?

बदललंय की भावा, आणि त्यासाठी लांब जायला नको, आमच्या कोल्हापूरचंच बघा. १८८२ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा'नं इथल्या संस्थानाचे कारभारी बर्वे यांच्यावर सडकून टीका केली, की चौथ्या शिवाजी महाराजांना वेडं ठरवून त्यांचा छळ चाललाय. बर्वेंनी बदनामीचा खटला टाकला, आणि गंमत म्हणजे ज्या पत्रांच्या जोरावर हे सगळं छापलेलं ती बनावट निघाली, टिळक-आगरकरांनी माफी मागितली तरी शिक्षा झालीच, १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. बाहेर आले तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी महाराज अहमदनगरला इंग्रज पहारेकऱ्याबरोबरच्या झटापटीत गेले, म्हणजे कागद खोटे असले तरी काळजी खोटी नव्हती. तरी माझं मत, कागद तपासूनच छापायला पाहिजे होतं, आजचे व्हॉट्सॲप फॉरवर्डवाले तेच करतात फक्त तुरुंगात जात नाहीत.

दुसरं, १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले, त्या काळात लई मोठी रक्कम. मोठ्या पेपरात ज्यांच्या बाजूला जागाच नव्हती त्या अस्पृश्य समाजाला स्वतःचा पेपर मिळाला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांची माणगाव परिषद झाली, तिथं महाराजांनी बाबासाहेबच तुमचे पुढारी म्हणून जाहीर सांगितलं.

टीआरपीचं म्हणाल तर चॅनलवाल्यांची आरडाओरड मलाही बघवत नाही. पण पुराच्या वेळी पंचगंगेची पातळी, कुठला रस्ता बंद हे गुडघाभर पाण्यात उभं राहून सांगणारे गावाकडचे बातमीदारच असतात, त्यांना मानधन किती मिळतं ते एकदा विचारा.