एका दिवसात दीड किलो वाढलं, आता काय करू?

प्रश्न : ताई, तीन महिन्यांपासून मी वजन कमी करतेय. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, झोपताना, असं दिवसातून चार-पाच वेळा काट्यावर उभी राहते. परवा सकाळी ७४.१ होतं, रात्री थेट ७५.६. इतकी वैतागले की दुसऱ्या दिवशी जेवलेच नाही. नवरा म्हणतो, महिन्यातून एकदाच वजन कर. नक्की किती वेळा करावं?

उत्तर : त्या दीड किलोत चरबी जवळजवळ नव्हतीच. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे दीड किलो चरबी चढायला त्या दिवशी गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या. तसं झालं असतं तर तुम्ही मला वजनाबद्दल नाही, पोटदुखीबद्दल लिहिलं असतं. अर्धा लिटर पाणी प्यायलं की काटा लगेच अर्धा किलो जास्त दाखवतो. दिवसभराचं खाणं-पिणं पोटात असताना रात्रीचा आकडा सकाळच्या आकड्याशी ताडून बघू नका.

सकाळचे आकडेसुद्धा रोज किलो-दीड किलोने वरखाली होऊ शकतात. आदल्या दिवशी खारट खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. नव्याने जोरदार व्यायाम केला की दुखऱ्या स्नायूंतही पाणी साठतं. पाळीच्या आधी अनेकींचं वजन वाढतं आणि नंतर आपोआप उतरतं. बद्धकोष्ठ असेल तर तेही काट्यावर दिसतं. शिवाय शरीर पिष्टमय पदार्थ ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी सोबत राहतं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं ते मुख्यतः या पाण्यामुळे, आणि एक दिवस पोटभर जेवलं की तेच पाणी परत येतं.

तर रोज एकदाच, सकाळी वजन करा. शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, कमीत कमी कपड्यांत. आकडा लिहायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. सात दिवस झाले की बेरीज करून सातने भागा. ही सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडायची, बाकी कशाशी नाही.

समजा पहिल्या आठवड्यात सोमवारपासून ७४.२, ७३.९, ७४.६, ७४.१, ७३.८, ७५.०, ७४.० असे आकडे आले, आणि दुसऱ्यात ७३.९, ७३.७, ७४.३, ७३.६, ७३.५, ७४.४, ७३.८. सरासरी ७४.२ वरून ७३.९ वर आली, म्हणजे ३०० ग्रॅम कमी. पण कुणी फक्त पहिल्या सोमवारी आणि दुसऱ्या शनिवारी वजन केलं असतं, तर बारा दिवसांत २०० ग्रॅम वाढलं म्हणून कपाळाला हात लावला असता. तुमच्या यजमानांच्या सल्ल्यातली अडचण हीच आहे. महिन्यातला तो एकच दिवस नेमका पाणी धरलेला निघाला तर महिनाभराची मेहनत वाया गेल्यासारखी वाटते.

दोन आठवड्यांत सरासरी हलली नाही म्हणून जेवण आणखी तोडू नका. निदान चार आठवडे बघा, आणि पाळी येत असेल तर चक्राच्या त्याच टप्प्याशी तुलना करा. आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरलं तरी भरपूर झालं. वजन जसं कमी होत जाईल तसा हा वेगही मंदावतो.

काटा टणक, सपाट फरशीवर ठेवा. गालिच्यावर किंवा फरशीच्या सांध्यावर तो चुकीचं दाखवू शकतो. रोज जागाही तीच हवी. डिजिटल काटा हलवला असेल तर एकदा पाय ठेवून उतरा, शून्य येऊ द्या, मग नीट उभ्या राहा.

महिन्यातून दोनदा कंबरही मोजा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. व्यायाम सुरू असताना वजन थांबलं तरी कंबर कमी होत असते, असं बऱ्याचदा घडतं.

मला तुमच्या पत्रात दीड किलोपेक्षा जास्त खटकलं ते दुसऱ्या दिवशी न जेवणं. पुढचे चार आठवडे स्वतःकडे लक्ष ठेवा. आकडा वाढला म्हणून पुन्हा जेवण टाळलंत, किंवा दिवसातून दुसऱ्यांदा काट्याकडे पाय वळला, तर रोजचं वजन तुमच्यासाठी नाही. मग काटा कपाटात वर ठेवून द्या आणि फक्त टेप वापरा. उपाशी राहणं, भडाभडा खाणं किंवा खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकणं सुरू झालं असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, वजनाचं नंतर बघता येईल.

आणि दोन-तीन दिवसांत वजन झपाट्याने वाढून पाय सुजले किंवा धाप लागायला लागली, तर सरासरी काढत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विशेषच.