गंजाची वॉरंटी आणि दरवर्षीचा शिक्का

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी मी लीड्समध्ये नवी हॅचबॅक घेतली. पत्रा गंजून आरपार भोक पडल्यास 12 वर्षांपर्यंत कंपनी दुरुस्ती करून देईल, अशी वॉरंटी तिच्यासोबत मिळाली. पहिली तीन वर्षे सर्व्हिस डीलरकडेच होत असल्याने बॉडीची तपासणीही त्यातच उरकत असे. आता सर्व्हिस मी घराजवळच्या गॅरेजमध्ये करून घेतो. परंतु गंजाची वॉरंटी चालू ठेवायची असेल तर बॉडीची तपासणी दरवर्षी अधिकृत डीलरकडेच करावी लागेल आणि तिचे 45 पौंड वेगळे पडतील, असे डीलर सांगतो. मागच्या वर्षी मी ते भरले. वीस मिनिटांत गाडी परत मिळाली. मी काचेतून पाहत होतो. ती रॅम्पवर चढवलेली मला दिसली नाही, कागदावर मात्र सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा होत्या. सर्व्हिस बाहेर केली तरी वॉरंटी जात नाही, असे ऐकले आहे. मग हे पैसे भरणे बंधनकारक आहे का? एमओटी ही गाडीची सक्तीची सुरक्षा तपासणी दरवर्षी होतेच, ती पुरत नाही का?
— एक वाचक, लीड्स

उत्तर : आपण जे ऐकले आहे ते खरे आहे, मात्र ते सर्व्हिसबद्दल आहे. ब्रिटनमध्ये 1 जून 2023 पासून लागू असलेल्या मोटार वाहनांच्या बाजारातील स्पर्धेविषयीच्या आदेशामागचे आणि त्याआधीच्या युरोपीय नियमांमागचे तत्त्व असे की, गाडीची नियमित सर्व्हिस कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे आणि योग्य दर्जाचे सुटे भाग वापरून बाहेरच्या गॅरेजमध्ये केली, तर केवळ तेवढ्या कारणावरून कंपनीने वॉरंटी नाकारू नये. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या बाबतीत यामुळे ग्राहकाची बाजू भक्कम होते. बॉडीची तपासणी मात्र पुष्कळ कंपन्या सर्व्हिसच्या वेळापत्रकात न धरता गंजाच्या वॉरंटीची स्वतंत्र अट म्हणून लिहितात. ती अट आपल्या पुस्तिकेत नेमक्या कोणत्या शब्दांत आहे, यावर आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठरेल. तपासणी दरवर्षी की दोन वर्षांनी, ठरलेल्या तारखेच्या आगेमागे किती दिवस चालतात आणि ती अधिकृत डीलरनेच करावी असे स्पष्ट लिहिले आहे का, एवढे त्या पुस्तिकेत शोधावे. डीलरच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये. कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करून हेच प्रश्न विचारावेत आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. कधीकधी डीलर जी अट सांगतो तिच्यापेक्षा पुस्तिकेतली अट सौम्य निघते.

एमओटी या कामी चालत नाही. ती गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे की नाही एवढेच पाहते. गंज तिच्यातही तपासला जातो, पण सस्पेन्शन, सीटबेल्ट आणि स्टिअरिंग जिथे जोडलेले असतात त्या ठिकाणांच्या 30 सेंटिमीटरच्या आतल्या भागाकडे तिचे मुख्य लक्ष असते. दाराची खालची कड किंवा टेलगेटची, म्हणजे मागच्या दाराची, शिवण फुगली म्हणून गाडी सहसा नापास होत नाही. वॉरंटीला मात्र नेमक्या त्याच जागा हव्या असतात.

आता पैशांकडे येतो. वॉरंटीची सात वर्षे उरली आहेत. दरवर्षी 45 पौंड धरले, तर 315 पौंड होतात. त्या बदल्यात कंपनीने काय कबूल केले आहे ते नीट पाहावे. हे वचन आतून बाहेर आलेल्या आणि पत्र्याला आरपार भोक पाडणाऱ्या गंजापुरते असते. खडी उडून रंग टवकला आणि तिथून गंज धरला, तर तो यात येत नाही. अपघातानंतर नीट रंग न लावलेला भाग, एक्झॉस्ट, चाके आणि सस्पेन्शनचे भागही बहुधा वगळलेले असतात. आजच्या बहुतेक गाड्यांचा पत्रा जस्त चढवलेला असतो, आणि जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. त्यामुळे भोक पडायचेच असेल तर ते सहसा आठव्या-दहाव्या वर्षानंतर पडते. अडचण अशी की वॉरंटी उपयोगी पडते ती शेवटच्या वर्षांत, आणि पैसे भरावे लागतात ते मधल्या सगळ्या वर्षांत; एक वर्ष चुकले की साखळी तुटली, असे कंपनी म्हणू शकते.

बॉडीशॉपमध्ये काम करत असताना एक गाडी माझ्याकडे आली होती. मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाखाली तांदळाच्या दाण्याएवढा फोड होता. प्लॅस्टिकचे आतले अस्तर काढले तेव्हा मागून ओंजळभर ओला गाळ खाली पडला, आणि त्या गाळाआड दोन पत्र्यांची जोडणी होती तिथे स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला. गंज आतूनच आलेला होता, गाडी वॉरंटीच्या मुदतीतही होती. परंतु पुस्तिकेत सातव्या वर्षाचा शिक्का नव्हता. मालकीणबाईंनी त्या वर्षी आजारपणामुळे तपासणी चुकल्याचे कंपनीला लिहून कळवले, तरीही दावा फेटाळला गेला. ते मला तेव्हाही अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते, कारण सहाव्या आणि आठव्या वर्षीच्या दोन्ही तपासण्यांत गाडी पाहणाऱ्या कोणीही ते अस्तर हलवून पाहिलेले नव्हते.

म्हणून माझे मत असे की, गाडी दहा वर्षांपलीकडे वापरायची असेल किंवा एक-दोन वर्षांत पूर्ण नोंदींसह विकायची असेल, तर पैसे भरावेत. पण शिक्क्यासाठी न भरता तपासणीसाठी भरावेत. वेळ ठरवतानाच गाडी रॅम्पवर चढवणार का, हे विचारावे आणि त्या वेळी आपण शेजारी उभे राहू असे सांगावे. बहुतेक वर्कशॉपमध्ये सुरक्षिततेच्या कारणाने आत सोडत नाहीत. तसे झाले तर खालच्या बाजूचे फोटो मागावेत. गाडी धुऊन न्यावी, कारण चिखलाखाली काही दिसत नाही आणि ‘गाडी अस्वच्छ’ असा शेरा पुढे आपल्याच विरुद्ध जातो. नेण्याच्या आधी घरी स्वतः पाहावे. चारही दारे उघडून खालच्या कडेच्या आतल्या घडीवरून बोट फिरवावे, बॉनेटची पुढची कड आणि टेलगेटच्या नंबरप्लेटवरची पट्टी पाहावी. जिथे रंग बोटाला खरखरीत किंवा फुगलेला लागेल तिथला फोटो तारखेसह काढावा आणि ती जागा तपासणीच्या कागदावर लिहून घ्यावी. असा फोड ‘किरकोळ’ म्हणून तोंडी सोडून देऊ नये. आज नोंद झाली नाही तर पुढे भोक पडल्यावर, गंज बाहेरून आला आणि मालकाने दुर्लक्ष केले, असे म्हणायला जागा राहते. हल्ली बरेच डीलर पुस्तिकेत शिक्का न मारता संगणकात नोंद करतात. त्या नोंदीची छापील प्रत दरवर्षी मागून घ्यावी. डीलरशिप बंद पडली किंवा मालकी बदलली की जुन्या नोंदी शोधताना फार त्रास होतो.

मागच्या वर्षीच्या तपासणीबद्दल डीलरला सभ्य पण स्पष्ट शब्दांत लिहावे. गाडी रॅम्पवर चढवली होती का, चढवली नसेल तर खालच्या भागासमोर बरोबरच्या खुणा कशाच्या आधारावर केल्या, आणि तपासणी पुन्हा विनामूल्य करून मिळेल का, असे विचारावे. पैसे घेऊन केलेले काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने करणे त्याला 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने बंधनकारक आहे. आठ आठवड्यांत समाधानकारक उत्तर आले नाही आणि डीलर मोटर ओम्बड्समन या संस्थेशी जोडलेला असेल, तर तिथे तक्रार करता येते. ग्राहकाला त्याचे शुल्क पडत नाही.

त्याच कायद्याने आणखी एक हक्क दिला आहे, आणि तो कोणत्याही शिक्क्यावर अवलंबून नाही. वस्तू समाधानकारक दर्जाची असली पाहिजे आणि त्या दर्जात टिकाऊपणाही येतो. हा दावा कंपनीवर न करता विकणाऱ्यावर करायचा असतो. इंग्लंडमध्ये त्याची मुदत साधारण सहा वर्षे आहे, म्हणजे आपल्या हाती सुमारे एक वर्ष उरले आहे. इतक्या काळानंतर दोष मुळातलाच होता हे आपल्याला सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी तज्ज्ञाचा लेखी अहवाल लागतो. काही दिसलेच तर वाट पाहू नये.

शेवटी मिठाबद्दल. ब्रिटनमध्ये साधारण ऑक्टोबर ते एप्रिल रस्त्यांवर खाणीतले मीठ टाकतात. हे मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे पत्रा कोरडा दिसला तरी सांध्यात ओलच राहते. हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी गाडीची खालची बाजू साध्या पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन घेणे हे कोणत्याही वॉरंटीपेक्षा स्वस्त पडते.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीत समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर राहतो. नवी गाडी घेताना शोरूमने गंजरोधक कोटिंग आणि त्याची पाच वर्षांची वॉरंटी घ्यायला लावली. आता दरवर्षी पैसे भरून तपासणी केली नाही तर वॉरंटी रद्द होईल, असे सांगतात. ही गाडीच्या कंपनीचीच वॉरंटी आहे का?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : बहुतेक वेळा नसते. आपल्याकडच्या कागदावर वचन देणारा म्हणून कोणाचे नाव आहे, ते आधी पाहावे. ते नाव कोटिंगचा माल बनवणाऱ्याचे किंवा शोरूमचे असेल, तर तपासणी चुकल्याने फार तर त्याच कागदाचे वचन संपते. गाडीच्या कंपनीने पत्र्याबद्दल स्वतंत्रपणे काही कबूल केले असेल, तर ते तिच्या वॉरंटी पुस्तिकेत वेगळे शोधावे. उलट बाजूही तपासावी, कारण काही पुस्तिकांमध्ये बाहेरून केलेल्या कोटिंगमुळे झालेले नुकसान वगळलेले असते. सशुल्क तपासणीची अट पैसे घेतानाच आपल्याला लेखी दाखवली नसेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करून पाहावी; पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात.

कोकणातल्या गाडीला खारा वारा बाराही महिने लागतो आणि पावसाचे चार महिने तांबडा चिखल कमानींच्या आत थापला जातो. कोटिंग चांगले झाले असेल तर त्याचा उपयोग आहे. पण ते ओल्या किंवा चिखल राहिलेल्या पत्र्यावर फवारले तर ओल आत कोंडली जाते आणि वरून काळेभोर दिसणाऱ्या थराखाली पत्रा सडतो. दुसरी चूक मी वारंवार पाहिली आहे. दारांच्या खालच्या कडेला आत शिरलेले पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात, आणि घाईने केलेल्या कोटिंगमध्ये ती बुजतात. पावसाआधी एकदा काडीने ती मोकळी आहेत का ते पाहावे. पाऊस पडून गेल्यावर दार उघडताना आत पाणी खळखळल्याचा आवाज आला, तर गाडी त्याच दिवशी शोरूमला न्यावी आणि भोके त्यांच्या कोटिंगनेच बुजली आहेत, हे जॉबकार्डवर लिहून घ्यावे.